बोटांची टकटक आणि मनाची उसंत : टॅपिंग म्हणजे काय, कसे करायचे आणि कुठे थांबायचे

पेडणे : पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की हरमल, मांद्रे, मोरजी भागात खांबांवर आणि कॅफेंच्या भिंतींवर पत्रके लागतात. योग, ध्यान, श्वसन, मसाज अशा जाहिरातींच्या रांगेत आता 'टॅपिंग' किंवा 'ईएफटी' हा शब्दही दिसतो. किनाऱ्यावर न जाणाऱ्यांपर्यंत तो मोबाइलवरून पोचला आहे. व्हिडिओत कोणीतरी दोन बोटांनी भुवईवर, गालावर, हनुवटीवर टकटक करत असते आणि खाली लिहिलेले असते, 'पाच मिनिटांत ताण गायब'.

हे पर्यटकांचे खूळ म्हणून सोडून देता आले असते. पण ताण काही फक्त पर्यटकांना येत नाही. पेडण्यात मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. त्याबरोबर जमिनी, टॅक्सी, नोकऱ्या आणि रस्ते यांचे प्रश्न घराघरांत आले. डिचोलीत खाणी आधी २०१२ मध्ये थांबल्या. त्या सुरू होतात न होतात तोच २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद झाल्या. दारात उभा ट्रक आणि बँकेचा चालू हप्ता, हे चित्र डिचोली-साखळीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सीमेपलीकडे बांदा, सावंतवाडी, दोडामार्गचे तरुण रोज दुचाकीवरून गोव्यात कामाला येतात. त्यांच्या घरी रात्री गाडीचा आवाज येईपर्यंत कोणाचा डोळा लागत नाही.

म्हणून हा लेख. टॅपिंग म्हणजे नेमके काय, ते घरी कसे करायचे, त्याने खरेच काही होते का, आणि कुठे थांबून डॉक्टरकडे जायचे, हे एका ठिकाणी सांगण्याचा प्रयत्न आहे.

थोडक्यात उत्तर आधीच देतो. रोजच्या किरकोळ ताणावर टॅपिंगने अनेकांना बरे वाटते. ते फुकट आहे, सोपे आहे आणि नीट केले तर त्यात धोका फारसा नाही. पण ते ज्या कारणाने काम करते असे सांगितले जाते, ते कारण सिद्ध झालेले नाही. आणि मनाच्या आजारावरचा तो उपचार नाही. ही वाक्ये एकत्र लक्षात ठेवली तर कोणी फसणार नाही आणि कामाची गोष्ट हातातूनही जाणार नाही.

टॅपिंग म्हणजे काय?

चेहरा, छाती आणि हाताच्या ठरावीक जागांवर बोटांच्या टोकांनी हलके हलके थापटायचे. थापटताना ज्या गोष्टीचा त्रास होतो आहे तिचे नाव घ्यायचे. आणि तो त्रास नाकारण्याऐवजी 'आहे, तरी मी स्वतःला स्वीकारतो' असे म्हणायचे. एवढीच ही पद्धत. औषध नाही, यंत्र नाही, सुई नाही.

ईएफटी हे 'इमोशनल फ्रीडम टेक्निक्स' या नावाचे लघुरूप. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. पण क्रिया आपल्याला नवी नाही. रडणाऱ्या बाळाला आई थोपटते, घाबरलेल्या माणसाच्या पाठीवर आपण हात फिरवतो, काळजीत असलेला माणूस आपसूक कपाळ चोळतो. स्पर्शाने जीव थोडा खाली बसतो हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही. टॅपिंगमध्ये त्या स्पर्शाला क्रम दिला आहे आणि सोबत शब्द जोडले आहेत.

धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था झाल्यापासून या भागात कोणतीही नवी गोष्ट आली की 'हे आयुर्वेदातले का?' असे विचारले जाते. तर, नाही. टॅपिंगच्या जागा चिनी ॲक्युपंक्चरमधून घेतलेल्या आहेत. आयुर्वेदातल्या मर्मांशी त्यांचा संबंध जोडून कोणी सांगत असेल तर ती त्याची स्वतःची जोडणी समजावी.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलाहन यांच्याकडे १९८०च्या सुमारास पाण्याची प्रचंड भीती असलेली एक महिला उपचार घेत होती. नेहमीच्या उपायांनी फरक पडत नव्हता. भीतीने पोटात कालवते असे ती म्हणाली, तेव्हा कॅलाहन यांनी ॲक्युपंक्चरमध्ये पोटाशी जोडलेल्या डोळ्याखालच्या जागेवर तिला थापटायला सांगितले. भीती गेली असे तिने सांगितले. त्यावरून त्यांनी 'थॉट फील्ड थेरपी' उभी केली. तिच्यात प्रत्येक त्रासासाठी जागांचा वेगळा क्रम होता.

त्यांच्याकडे शिकलेले गॅरी क्रेग हे स्टॅनफर्डमधून शिकलेले अभियंते. त्यांनी १९९०च्या दशकात ते क्रम बाजूला ठेवले आणि सगळ्या त्रासांसाठी एकच क्रम ठरवला. तीच आजची ईएफटी. क्रेग यांनी आपली पुस्तिका लोकांना फुकट वाटली, त्यामुळे पद्धत जगभर पसरली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पैशांचा विषय येईल तेव्हा ती लागेल.

घरी कसे करायचे?

एक फेरी करायला दोन ते तीन मिनिटे लागतात. खुर्चीत, ओसरीवर, कामाच्या ठिकाणी जेवणाच्या सुट्टीत, कुठेही बसून करता येते. फक्त गाडी चालवताना करू नये.

पहिली पायरी, त्रासाला नाव द्या. 'टेन्शन आहे' एवढे पुरत नाही. कसले टेन्शन? 'उद्या बँकेत जायचे आहे', 'मुलीचा बारावीचा निकाल आहे', 'साहेब सगळ्यांसमोर बोलले' असे नेमके सांगा. शरीरात ते कुठे जाणवते तेही बघा. छातीत धडधड, पोटात गोळा, मानेत ताठरपणा, काय असेल ते.

दुसरी पायरी, त्याला शून्य ते दहा असा आकडा द्या. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. मानसोपचारात हे मोजमाप जोसेफ वोल्पे या डॉक्टरांनी आणले आणि आजही अनेक ठिकाणी वापरतात. मी वाणिज्य शाखेचा माणूस, त्यामुळे मला ही पायरी सगळ्यात पटली. सुरुवातीची शिल्लक लिहिल्याशिवाय शेवटची शिल्लक कळत नाही.

तिसरी पायरी, सुरुवातीचे वाक्य. एका हाताची करंगळीच्या बाजूची कड, म्हणजे कराटेवाले जिने वीट फोडतात ती, दुसऱ्या हाताच्या चार बोटांनी हलके थापटत तीन वेळा वाक्य म्हणायचे. साचा असा : 'मला अमुक गोष्टीची काळजी वाटते आहे, तरीही मी स्वतःला आहे तसा स्वीकारतो.' बायकांनी 'आहे तशी स्वीकारते' म्हणावे. 'स्वीकारतो' हा शब्द तोंडात बसत नसेल तर 'तरी मी माझ्या बाजूने आहे' किंवा 'तरी हरकत नाही, मी बघतो काय करायचे ते' असेही चालते. मराठीत म्हणा, कोंकणीत म्हणा, मालवणीत म्हणा. ज्या भाषेत तुम्ही मनातल्या मनात बोलता तीच भाषा बरी.

चौथी पायरी, फेरी. खालील जागांवर क्रमाने दोन बोटांनी साधारण सात-सात वेळा थापटायचे. मोजणी काटेकोर हवी असे नाही. डावी-उजवी कोणतीही बाजू चालते.

१. भुवईचे नाकाकडचे टोक.
२. डोळ्याच्या बाहेरच्या कडेचे हाड.
३. डोळ्याखालचे हाड.
४. नाक आणि वरचा ओठ यांच्या मधली जागा.
५. खालचा ओठ आणि हनुवटी यांच्या मधली खळी.
६. गळ्याखाली जी दोन आडवी हाडे हाताला लागतात, त्यांच्या आतल्या टोकाच्या किंचित खाली.
७. काखेच्या खाली साधारण चार बोटांवर, बरगडीवर.
८. डोक्याचा वरचा मधला भाग, टाळू.

प्रत्येक जागी त्रासाचे छोटे नाव घ्यायचे. 'हा हप्ता', 'ही भीती', 'छातीतली ही धडधड', असे. बोटे हलकी ठेवा. दारावर थाप मारतो तसे मारायचे नाही, टेबलावर विचार करत बोटे वाजवतो तेवढाच जोर. डोळ्यांजवळ नखे लागणार नाहीत याची काळजी घ्या. डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा चेहऱ्यावर जखम असेल तर ती जागा सोडून द्या.

पाचवी पायरी, एक लांब श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा आणि पुन्हा आकडा द्या. आठाचा पाच झाला असेल तर अजून एक-दोन फेऱ्या करा. तेव्हा वाक्य थोडे बदलते : 'अजून थोडी काळजी उरली आहे, तरीही...' आकडा दोन-तीनवर आला की थांबले तरी चालते. शून्यच आला पाहिजे असा हट्ट नको. उद्याच्या कामाची थोडी काळजी माणसाला सकाळी वेळेवर उठवते.

एक उदाहरण

समजा, डिचोलीतला एक ट्रकमालक आहे. खाण चालू झाली तरी ट्रिपा पूर्वीसारख्या नाहीत. महिन्याच्या पाच तारखेला हप्ता आहे आणि तीन तारखेच्या रात्री बारा वाजता तो छताकडे बघत पडला आहे. त्याने उठून बसावे, पाणी प्यावे आणि स्वतःला विचारावे, आत्ता आकडा किती? आठ.

'हप्त्याची काळजी आहे, झोप येत नाही, तरी मी माझ्या बाजूने आहे.' तीन वेळा. मग फेरी. दुसऱ्या फेरीत त्याच्या लक्षात येते की खरी बोच हप्त्याची नाही. दुपारी मेव्हण्याकडे पैसे मागितले आणि तो हसला, ती आहे. मग वाक्य बदलते : 'तो हसला ते लागले, तरी...' तिसऱ्या फेरीनंतर आकडा चारवर येतो. जांभई येते.

आता हप्ता भरला गेला का? नाही. तो पाच तारखेला भरायचाच आहे. पण झोप झालेला माणूस सकाळी बँकेत जाऊन मुदत मागू शकतो, शांतपणे बोलू शकतो. न झोपलेला माणूस तिथे भांडतो किंवा जातच नाही. टॅपिंगचा फायदा असलाच तर तो असा आणि एवढा असतो. ते कर्ज फेडत नाही, डोके जागेवर ठेवते.

हेच दहावी-बारावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांना लागू. पेपरच्या आधी दोन फेऱ्या करून हाताची थरथर कमी झाली तर चांगलेच. पण अभ्यास केला नसेल तर टकटक करून उत्तर आठवणार नाही, हेही मुलांना हसत सांगावे.

विज्ञान काय सांगते?

इथे दोन्ही बाजू ऐकून घ्याव्या लागतात.

टॅपिंगच्या बाजूने सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८३ लोकांचे तीन गट केले होते. एका गटाने तासभर टॅपिंग केले, दुसऱ्याने समुपदेशकाशी गप्पा मारल्या, तिसऱ्याने नुसती विश्रांती घेतली. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक लाळेतून मोजले गेले. टॅपिंगच्या गटात ते सरासरी २४ टक्क्यांनी कमी झाले, इतर दोन्ही गटांत घट त्याहून कमी होती. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातून ५३ लोकांवर असाच अभ्यास आला, त्यात घट ४३ टक्के होती.

आकडे चांगले आहेत. पण कोणताही हिशेब तपासताना तो कोणी मांडला हे बघावे लागते. हे अभ्यास करणारे संशोधक स्वतः ईएफटीचे पुरस्कर्ते आहेत, आणि लोकांची संख्या लहान आहे. शिवाय एक मुख्य प्रश्न या अभ्यासांत विचारलाच गेला नाही : ठरावीक जागांऐवजी भलत्याच जागी थापटले असते तर?

तो प्रश्न २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात विचारला होता. ११९ विद्यार्थ्यांचे चार गट. पहिल्याने टॅपिंगच्या खऱ्या जागांवर थापटले. दुसऱ्याने हातावरच्या मनाने ठरवलेल्या जागांवर. तिसऱ्याने स्वतःला हातही न लावता एका बाहुलीला थापटले. चौथ्याने यातले काहीच केले नाही. निकाल असा आला की पहिल्या तिन्ही गटांतली भीती कमी झाली, चौथ्यातली नाही.

म्हणजे बाहुलीला थापटूनही बरे वाटले. ऊर्जेच्या वाहिन्या आणि त्यांचे अडथळे मोकळे होतात म्हणून टॅपिंग चालते, हा दावा इथे अडखळतो. पण टॅपिंगने काहीच होत नाही असाही त्याचा अर्थ नाही. तीन गटांना फरक पडलाच. मग तो कशाने पडला?

जाणकार जी कारणे देतात ती साधी आहेत. ज्या गोष्टीपासून मन पळते तिचे नाव सुरक्षित जागी बसून घेतले की तिची धार कमी होते. हात एका लयीत गुंतले की डोक्यातले चक्र थांबते. स्वतःला दोष देणे काही मिनिटे बंद होते. श्वास आपोआप सावकाश होतो. आणि 'याने बरे वाटेल' ही अपेक्षाही तिचे काम करते.

कोलवाळच्या पुलापलीकडचा माणूस

शेवटचे कारण, अपेक्षेचे, वाचून गोव्याच्या वाचकाला एक नाव आठवायला हवे. पणजीत जुन्या सचिवालयाच्या, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्याच्या बाजूला एक पुतळा आहे. झगा घातलेला एक पाद्री, हात पुढे केलेले, आणि समोर मागे कोसळणारी स्त्री. हे आबे फारिया. हा पुतळा मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला आणि १९४५ मध्ये तो उभा राहिला. बसमधून येता-जाता आपण सगळ्यांनी तो पाहिला आहे.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी कांदोळीला झाला. वडील कोलवाळचे. म्हणजे पेडण्याहून शापोरा नदीचा पूल ओलांडला की लागते ते गाव. बाप-लेक लिस्बनला गेले, मुलगा रोममध्ये शिकून पाद्री झाला आणि पुढे पॅरिसला पोचला.

त्या काळी युरोपात मेस्मर यांच्या 'प्राणिज चुंबकत्वा'चा बोलबाला होता. उपचार करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य द्रव वाहतो आणि रोगी बरा होतो, असे मेस्मर सांगत. फारियांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये प्रयोग दाखवले आणि उलटे सांगितले : असा कोणताही द्रव नाही. जे घडते ते समोरच्या माणसाच्या मनात घडते, त्याच्या अपेक्षेने आणि त्याच्या तयारीने. माझ्यात काही विशेष शक्ती नाही, असे म्हणणारा तो माणूस होता. संमोहनाच्या इतिहासात आज त्यांचे नाव याच विचारासाठी घेतात. १८१९ मध्ये पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले.

द्रवाच्या जागी 'ऊर्जावाहिनी' शब्द घातला तर वाद तोच आहे. गुण बोटाच्या जागेत आहे की बोट लावणाऱ्याच्या मनात? आपल्या शेजारच्या गावच्या माणसाने याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वी दिले होते, आणि बाहुलीचा प्रयोग त्याच दिशेला जातो.

फारियांची एक गोष्ट गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला ते उभे राहिले आणि समोरची बडी मंडळी बघून त्यांची वाचाच बसली. तेव्हा खाली बसलेले वडील हळूच कोंकणीत म्हणाले, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी!' आणि मुलगा बोलू लागला. गोष्ट दंतकथा असेल, पण त्यात ताणावरचा सगळा उपाय आहे. ओळखीचा आवाज, आपली भाषा, आणि समोरच्या संकटाला जरा लहान करणारा एक शब्द. टॅपिंगचे वाक्य स्वतःच्या भाषेत म्हणा असे वर सांगितले ते यासाठीच.

पैसे कधी देऊ नयेत

गुण तुमच्याच मनात असेल तर त्यासाठी दुसऱ्याला किती मोजायचे? शिकवणाऱ्याचा वेळ जातो, त्याने वाजवी फी घेणे गैर नाही. एकदा कोणाकडून नीट शिकून घ्यायला हरकत नाही. पण पुढील गोष्टी ऐकू आल्या तर उठून यावे.

'दहा सत्रांचे पैसे आगाऊ भरा.' 'साखर, रक्तदाब, थायरॉइड, गाठ, सगळे याने जाते.' 'डॉक्टरच्या गोळ्या बंद करा, त्या ऊर्जा अडवतात.' 'फरक पडला नाही म्हणजे तुमचा विश्वास कमी पडला.' 'वरच्या पातळीचा कोर्स केल्याशिवाय पूर्ण गुण येत नाही.'

मूळ पद्धत तिच्या कर्त्याने फुकट वाटली होती. वरच्या आठ जागा आणि एक वाक्य, यात लपवण्यासारखे काही नाही.

कुठे थांबायचे

हा भाग घाईत वाचू नका.

माझ्या ओळखीतले डिचोली तालुक्यातले एक गृहस्थ खाणबंदीनंतर हळूहळू मिटत गेले. आधी झोप गेली, मग भूक, मग भजनाला जाणे. घरच्यांनी नारळ ठेवला, दृष्ट काढली. कोणी प्राणायाम सांगितला, कोणी मोबाइलवरचे टॅपिंग. प्रत्येक उपायाने दोन दिवस बरे वाटायचे, आणि त्या दोन दिवसांमुळेच डॉक्टर पुढे ढकलला जायचा. असे जवळजवळ वर्ष गेले. शेवटी वहिनींनी कोणाला न विचारता त्यांना बांबोळीला नेले. औषधे आणि बोलणे, दोन्ही सुरू झाले. आज ते दुकान सांभाळतात. मध्यंतरी भेटले तेव्हा म्हणाले, "मला वाटायचं, धंदा गेला म्हणून मी असा आहे. धंदा गेलेला माणूस आजारीपण असू शकतो, हे कोणी सांगितलंच नाही."

तेव्हा उपाय वाईट नव्हता. त्याला दिलेले काम चुकीचे होते.

पुढील लक्षणे दोन आठवड्यांहून जास्त राहिली तर टॅपिंगवर भागवू नये : रोज उदास वाटणे, कशातच रस नसणे, झोप किंवा भूक बिघडणे, कामाला हात न लागणे, दारू वाढणे, आपण घरच्यांना ओझे आहोत असे वाटणे. जगणे नको वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार येत असेल तर दोन दिवसही थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

छातीत दुखणे, डावा हात भरून येणे, दरदरून घाम सुटणे याला 'टेन्शन' समजून टकटक करत बसू नका. १०८ ला फोन करा. ही सेवा गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक तिन्हीकडे आहे.

अपघात, मारहाण, अत्याचार किंवा घरातला अचानक मृत्यू अशा मोठ्या आघाताच्या आठवणी एकट्याने उकरू नयेत. टॅपिंग करताना त्या अंगावर आल्या तर थांबावे, डोळे उघडावे, पायाखालची जमीन जाणवून घ्यावी, कोणाशी तरी बोलावे. त्यासाठी शिकलेला माणूस सोबत लागतो.

मदत कुठे मिळते

टेली-मानस ही केंद्र सरकारची फोनसेवा, क्रमांक १४४१६. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येते. नाव सांगण्याची सक्ती नाही.

गोव्यात बांबोळीला गोमेकॉजवळ आयपीएचबी ही सरकारी मनोविकार संस्था आहे. तिचे आधीचे रूप म्हणजे पणजीत आल्तिनोवरचे इस्पितळ, त्याला आबे फारियांचेच नाव होते. पहिले पाऊल म्हणून तालुक्याच्या सरकारी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगितले तरी ते पुढची चिठ्ठी देतात.

सिंधुदुर्गच्या वाचकांना ओरोसचे जिल्हा रुग्णालय आणि रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. बेळगाव-खानापूरच्या वाचकांना बेळगावचे जिल्हा रुग्णालय आणि धारवाडची डिमहान्स ही संस्था आहे.

आणि बोलण्याने खरेच फरक पडतो का, असे वाटत असेल तर गोव्याचेच उदाहरण आहे. 'संगाथ' या १९९६ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांबरोबर काम केले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. सहा ते आठ भेटींत त्यांनी रुग्णाला रोजची लहान लहान कामे आणि माणसांत मिसळणे पुन्हा सुरू करायला मदत केली. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. टॅपिंगबद्दल अशा तोडीचा पुरावा अजून हातात नाही, हा फरक ध्यानात घ्यावा.

नेहमी विचारले जाणारे

रोज करावे का? केले तरी चालते. ठरावीक वेळ, उदाहरणार्थ झोपण्याआधी, ठेवली तर सवय लागते.

एखादी जागा चुकली तर? काही बिघडत नाही. बाहुलीचा प्रयोग आठवा.

लहान मुलांना चालेल का? परीक्षेची, काळोखाची भीती अशा गोष्टींसाठी आई-वडिलांनी सोबत बसून खेळासारखे करावे. जबरदस्ती नको.

चार लोकांत लाज वाटते. मग नुसती हाताची कड किंवा गळ्याखालची जागा थापटा. बसमध्ये बसूनही कोणाच्या लक्षात येत नाही.

फरकच पडला नाही तर? तर ती पद्धत तुमच्यासाठी नाही, एवढेच. कोणाला चालून बरे वाटते, कोणाला भजनात, कोणाला शेजारणीशी पायरीवर बसून बोलण्यात. दोष तुमचा नाही.

मी स्वतः हा लेख लिहिण्याआधी पंधरा दिवस टॅपिंग करून पाहिले. वहीत आकडे लिहिले. कधी सातचा चार झाला, कधी सहाचा सहाच राहिला. एका रात्री आकडा खालीच येईना, तेव्हा फेरी सोडून दिली आणि बायकोला उठवून मनातले सांगितले. त्या रात्रीचा शेवटचा आकडा वहीत लिहायचा राहून गेला. लवकर झोप लागली.